रबररावांची शुगर

रबररावांचं वय कागदोपत्री अठ्ठावन्न होतं आणि गेली सहा वर्षं ते अठ्ठावन्नच होतं. एवढ्या काळात त्यांना हृदयविकार झाला, दमा झाला, दोन्ही पाय वेगवेगळ्या दिवशी मोडले आणि एका सोमवारी, वेळापत्रकातल्या चुकीमुळे, त्यांचं बाळंतपणही होता होता राहिलं. मरण तर त्यांना आठवड्यातून दोनदा यायचं. पण जेवणाच्या सुट्टीनंतर माणूस पुन्हा ठणठणीत, नवा आजार घेऊन पलंगावर हजर.

माणूस म्हणायचं ते आपलं रीत म्हणून. रबरराव हा नर्सिंग कॉलेजच्या सरावाच्या खोलीतला रबरी पुतळा होता. त्यांची छाती खालीवर व्हायची, पापण्या मिटायच्या, मनगटाला नाडी लागायची आणि हनुवटीखाली बसवलेल्या स्पीकरमधून ते बोलायचे. म्हणजे त्यांच्या वतीने आवाजकाका बोलायचे. आवाजकाका हे कॉलेजचे तंत्रज्ञ. पलंगासमोरच्या भिंतीत मोठा आरसा होता आणि त्याच्या पलीकडे एक चिंचोळी खोली. तिथे कॉम्प्युटर आणि माइक घेऊन ते बसायचे. त्यांना सगळं दिसायचं, ते मात्र कुणाला दिसायचे नाहीत. मुली रबररावांना विचारायच्या, "काका, कसं वाटतंय?" आणि आरशाआडून आवाजकाका कागदात बघून कण्हायचे. कण्हण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

खोलीच्या भिंतीवर दोन सूचना होत्या. पहिली : 'हा माणूस आहे असे समजा.' तिच्या खाली दुसरी : 'तोंडात काहीही घालू नये, आत वायरिंग आहे.'

घुमीचं घोडं पहिल्या सूचनेवर अडलं होतं.

घुमी हे तिचं वर्गातलं नाव. शेवटच्या वर्षाला होती आणि कामात एकदम चोख. वॉर्डात खऱ्या पेशंटशी ती बोलायचीसुद्धा; फार नाही, पण पुरेसं. कॉट नंबर नऊवरचे रिटायर्ड मास्तर तर 'त्या कमी बोलणाऱ्या सिस्टरची ड्यूटी कधी?' म्हणून वाट बघायचे. पण रबराला 'काका' म्हणायला तिची जीभ काही रेटत नव्हती. खोटं बोलल्यासारखं वाटायचं, आणि शिवाय वेड लागल्यासारखं. प्रॅक्टिकलमध्ये पेशंटशी बोलण्याचे वीस गुण होते. त्यातले निम्मे तरी पडले नाहीत तर बाकी सगळं केलेलं पाण्यात.

पहिल्या खेपेला तिने रबररावांचं बीपी घेतलं, ड्रेसिंग बदललं, इंजेक्शन दिलं, कूस बदलून दिली, चादर ताणली आणि निघाली. चकार शब्द नाही. आवाजकाकांनी तीनदा कण्हून पाहिलं. शेवटी न राहवून "अहो, कुणी आहे का?" असंही विचारलं. घुमीने मान डोलावली. बोलण्याचे गुण शून्य.

दुसऱ्या खेपेला ती पाठ करून गेली आणि दारातूनच एका दमात म्हणाली, "नमस्कार काका मी तुमची सिस्टर तुमचं नाव सांगा कुठे दुखतंय घाबरू नका थोडं टोचेल झालं बरं का आता आराम करा." मग हात धुतले आणि दहा मिनिटं गुपचूप काम केलं. गुण चार. ते चारही 'बरं का'चे आहेत, असं परीक्षक म्हणाल्या.

आता तिसरी खेप, आणि शेवटची. ही हुकली की वर्ष गेलं आणि खालच्या वर्गात बसणं आलं. तेही घुमीने गिळलं असतं. पण त्या वर्गात पहिल्या बाकावर तिची सख्खी धाकटी बहीण बसत होती.

"ताई, तू अजिबात काळजी करू नको," धाकटी म्हणाली. "शेजारची जागा धरून ठेवलीय मी. आणि कुणी त्रास दिला तर सरळ माझं नाव सांगायचं."

"तुझं तोंड बंद ठेव जरा," आई म्हणाली. "त्यातलं थोडं हिला दिलं असतं देवाने तर ही वेळ आली नसती. अहो, आडवे व्हा. पोरीला सराव करू दे."

बाबा कोचावर आडवे झाले. त्यांना आडवं व्हायला कारण लागत नसे, आज तर मिळालं होतं.

"कुठे दुखतंय?" घुमीने विचारलं.

"त्यांना काय विचारतेस? मला विचार," आई म्हणाली. "डावा गुडघा. आणि सांगितलेलं ऐकत नाहीत, हा दुसरा आजार. तो जुना आहे."

बाबांशी घुमी व्यवस्थित बोलली. पण उपयोग काय, बाबा खरे होते. मग धाकटीने त्यांना उठवून कोचावर लोड ठेवला, त्याला बाबांचा शर्ट चढवला आणि म्हणाली, "हा घे तुझा रबरराव. बोल."

घुमी लोडापुढे दहा मिनिटं उभी राहिली. लोडही काही कमी हट्टी नव्हता. शेवटी धाकटी स्वतः खुर्ची ओढून बसली आणि अर्ध्या तासात लोडाला मूळव्याध आहे, थोरला मुलगा बघत नाही आणि सूनबाई फोन उचलत नाहीत इथपर्यंत सगळं काढून घेतलं. आईचा जीव इतका कळवळला की तिने लोडाच्या अंगावर शाल घातली.

"मला पण गार वाटतंय," कोपऱ्यातून उघडे बाबा म्हणाले.

"मग बोलायचं होतं तसं," आई म्हणाली. "तो बिचारा न सांगता सोसतोय."

परीक्षेला सोळा मुली होत्या आणि घुमीचा नंबर सोळावा. खोलीच्या कोपऱ्यात टेबलामागे दोघी बसलेल्या. एक मोठ्या मॅडम, म्हणजे या खोलीच्या प्रमुख. दुसऱ्या बाहेरच्या बाई, म्हणजे दुसऱ्या कॉलेजातून आलेल्या परीक्षक. बाहेरच्या बाईंना दोनची बस गाठायची होती, म्हणून त्यांनी सकाळीच जाहीर केलं, "मधली सुट्टी नको. सलग घेऊ." मोठ्या मॅडमनी मान हलवली. आरशाआड विचारायला कुणी गेलं नाही. नऊ वाजल्यापासून आवाजकाका एकाच पोटाच्या ऑपरेशननंतर पंधरा वेळा कण्हले होते.

पाऊण वाजता घुमी आत आली. हात धुतले. पलंगापाशी गेली. तोंड उघडलं, आणि मिटलं. बाहेरच्या बाईंनी घड्याळात पाहिलं.

"सिस्टर," रबरराव म्हणाले, "पोटात दुखतंय."

हे कागदावरचं होतं. घुमीने टाके तपासले. बीपी घेतलं.

"सिस्टर," रबरराव म्हणाले, "माझी चप्पल कुणी नेली?"

हे कागदावरचं नव्हतं. मोठ्या मॅडमनी पान उलटून मागे पाहिलं. मागेही नव्हतं.

"चप्पल, म्हणतोय मी! चोर आहात सगळे!" आवाज चढला, मग एकदम खाली आला आणि शब्द एकमेकांत चिकटायला लागले. "तो खिडकीतला माणूस... त्याला सांगा... खाली उतर म्हणावं..."

"वा!" बाहेरच्या बाई हलकेच मोठ्या मॅडमच्या कानाशी म्हणाल्या. "भ्रमिष्ट पेशंट. मुद्दाम घातलात का शेवटच्या मुलीला? काय अभिनय आहे हो! आमच्याकडचा तंत्रज्ञ नुसता सर्दी झाल्यासारखा बोलतो."

मोठ्या मॅडमना यातलं काही माहीत नव्हतं, पण कौतुक आलंच आहे तर परत कशाला पाठवा, म्हणून त्या गालात हसल्या.

घुमीचे हात थांबले होते. हे बोलणं तिने ऐकलेलं होतं. कॉट नंबर नऊचे मास्तर एकदा असेच आधी तिच्यावर खेकसले, मग सात आठे त्रेसष्ट म्हणाले आणि मग तिला बायकोच्या नावाने हाक मारायला लागले. तेव्हा त्यांची शुगर एकेचाळीसवर आली होती. घुमीने पटकन ट्रेमधलं यंत्र घेतलं आणि रबररावांच्या बोटाला रीतसर सुई टोचली. रबराला रक्त येत नाही, म्हणून आकडा मोठ्या मॅडमनी कागदावरून वाचायचा असे.

"एकशे दहा," मॅडम म्हणाल्या.

"नाही," घुमी म्हणाली.

या खोलीत तिने स्वतःहून काढलेला हा पहिला शब्द. मॅडमच्या हातातलं पेन थबकलं. "नाही म्हणजे? इथे लिहिलंय."

"मग कागद चुकलाय. ह्यांची शुगर पडलीय."

"अगं, ह्यांची शुगर मीच ठरवलीय! परवा, घरी बसून!"

घुमीने ऐकलंच नाही. ती रबररावांवर वाकली. "काका, इकडे बघा. माझ्याकडे बघा. घाम सुटलाय का?"

"शर्ट... भिजला," रबरराव म्हणाले. "हात थांबेना... लटलट..."

बाहेरच्या बाईंनी 'पेशंटशी डोळ्याला डोळा भिडवून बोलते' या रकान्यात आनंदाने बरोबरची खूण केली.

घुमीने ग्लुकोजची पुडी फाडली, पेल्यात पाणी घेतलं, ढवळलं, एक हात रबररावांच्या मानेखाली घातला आणि पेला थेट ओठांशी नेला. मोठ्या मॅडम खुर्चीसकट उठल्या. "तोंडात नको! वायरिंग! आत वायरिंग आहे!"

पेला ओठांवर थांबला तो मॅडमच्या ओरडण्याने नव्हे. इतक्या जवळून घुमीला रबररावांचा शर्ट दिसला. कोरडा ठणठणीत, इस्त्रीचा. हात चादरीवर स्वस्थ पडलेले. छाती मिनिटाला सोळाच्या चालीने शांतपणे वरखाली होत होती आणि त्याच छातीच्या वर, हनुवटीखालून, कुणीतरी धापा टाकत होतं. श्वास एकाचा आणि धाप दुसऱ्याची. घुमीने मान वर करून आरशात पाहिलं. तिला स्वतःचाच चेहरा दिसला, आणि त्याच्या पलीकडे कोण बसतं ते आठवलं.

ती पेला घेऊन पळाली.

"पेशंटला एकटं सोडलं," बाहेरच्या बाईंनी फुली मारली. "पलंगाचे कठडेही वर केले नाहीत." दुसरी फुली.

चिंचोळ्या खोलीत आवाजकाका घामाने निथळत बसले होते आणि कॉम्प्युटरचा माउस कानाला लावून त्याला पत्ता विचारत होते. घुमीने त्यांच्या खांद्याला धरलं. माइक चालूच होता. त्यामुळे बाहेर पलंगावर रबरराव अचानक मुलीच्या आवाजात बोलू लागले.

"काका! काका, मी आहे. घाबरू नका. आधी हे पाणी प्यायचं. गिळता येतंय ना? एक घोट गिळून दाखवा. शाब्बास. अजून एक."

"चप्पल..." रबरराव जुन्या आवाजात म्हणाले.

"चपला पायात आहेत तुमच्या, दोन्ही. प्या. सकाळी गोळी घेतलीत शुगरची?"

"घेतली."

"आणि खाल्लं काय त्यावर?"

"सुट्टी झाली की खाणार होतो. सुट्टीच नाही झाली."

बाहेरच्या बाईंनी पेन खाली ठेवलं. "पेशंट स्वतःच स्वतःला धीर देतोय," त्या म्हणाल्या. "हे कागदावर आहे का?"

"एवढं नाही," मोठ्या मॅडम म्हणाल्या, आणि मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. त्या धावल्या. इतक्या वर्षांच्या नोकरीत कुणी त्यांना धावताना पाहिलं नव्हतं. ऑफिसातला कारकून भूकंप झाला असं समजून टेबलाखाली गेला.

घुमीने आवाजकाकांच्या बोटाला टोचलं तेव्हा खरं रक्त आलं आणि खरा आकडा. बेचाळीस. पाव तासाने पुन्हा टोचलं, तेव्हा अठ्ठ्याऐंशी. मग बिस्किटं दिली. तोवर शेजारच्या हॉस्पिटलातून डॉक्टर आले, त्यांनी आवाजकाकांना तपासलं, कुणी वेळेवर ग्लुकोज दिलं ते विचारलं, घुमीकडे बघून "छान" म्हणाले आणि तासभर आडवं पडून राहायला सांगून गेले. मोकळा पलंग एकच होता, रबररावांच्या शेजारचा. तिथे त्यांना झोपवलं. दोघे शेजारी शेजारी पडल्यावर तब्येतीने रबरराव सरस वाटत होते.

दोनची बस एव्हाना गेली होती. राहता राहिला गुणांचा प्रश्न.

"बोलली तर उत्तमच," मोठ्या मॅडम म्हणाल्या.

"बोलली," बाहेरच्या बाई म्हणाल्या. "पण कुणाशी? कागदावरचा पेशंट इथे पलंगावर होता. ती बोलली तंत्रज्ञाशी. आणि मी ऐकलं ते पेशंटच्या तोंडून. पेशंटने पेशंटशी केलेल्या संभाषणाचे गुण मी सिस्टरला कोणत्या रकान्यात देऊ?"

"अहो, माणूस वाचवला तिने!"

"त्याला रकाना नाही." त्यांनी कागद उलटसुलट करून दाखवला. खरंच नव्हता. "पुन्हा घेऊ. आत्ताच. पुढची बस पाचला आहे."

धाकटीच्या शेजारची ती धरून ठेवलेली जागा घुमीला डोळ्यांपुढे दिसायला लागली.

आता रबररावांना आवाज कोण देणार? मोठ्या मॅडमनी माइक हातात घेतला आणि "सिस्टर, पोटात दुखतंय" हे वाक्य वाचून पाहिलं.

"हा पेशंट मला दम देतोय," बाहेरच्या बाई म्हणाल्या.

"आणा इकडे," शेजारच्या पलंगावरून आवाजकाका म्हणाले. "उठू नको म्हणालेत डॉक्टर. कण्हू नको असं कुठे म्हणालेत?"

आवाज देणारा दिसता कामा नये हा नियम, म्हणून दोन पलंगांच्या मध्ये पडदा ओढला. पडद्याखालून माइकची वायर येत होती आणि पलंगाच्या टोकाला आवाजकाकांचे मोजे दिसत होते. मोज्यांबद्दल नियम नव्हता.

घुमी पुन्हा दारातून आत आली. पलंगापाशी उभी राहिली. रबररावांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तोच गुळगुळीत रबर.

"सिस्टर, पोटात दुखतंय," रबरराव म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, "आणि तुम्ही हात धुवायचे राहिलेत असं आपलं मला वाटतं. पेशंट म्हणून."

घुमीने हात धुतले.

"आता तुम्ही माझं नाव विचाराल," रबरराव म्हणाले. "विचारतातच. मग बीपी. त्याचा दंडाला बांधायचा पट्टा डाव्या ड्रॉवरमध्ये आहे, उजव्यात नाही. मी ऑपरेशनचा माणूस, मला काय कळतंय म्हणा."

"हा पेशंट फारच माहीतगार झालाय," बाहेरच्या बाई कुजबुजल्या.

उपकाराच्या ओझ्याखाली माणूस काय करील याचा नेम नसतो. टाके तपासायला घुमीने हात पुढे केला तर रबरराव म्हणाले, "आधी विचारा, हात लावू का म्हणून. दोन गुण आहेत त्याला." आणि त्याच दमात, बोलून बोलून लागलेली धाप पडद्याआडून स्पष्ट ऐकू आली.

घुमीचा संयम सुटला.

"काका, एकदम गप्प पडायचं आता!" ती म्हणाली. "तीन दिवस झालेत ऑपरेशनला, आणि ही बडबड? टाके तुटतील. हात लावू का? लावतेय. दुखलं तर हं म्हणायचं, भाषण नको. इथे दुखतंय? इथे? सकाळी काय खाल्लंत? खोटं बोलायचं नाही. भूक लागली तर बेल वाजवायची, लाजायचं नाही, सुट्टीची वाट बघत बसायचं नाही. कुणी विचारायला येईल म्हणून थांबलात तर थांबूनच राहाल. ही गोळी जेवणानंतर. जेवणानंतर म्हणजे जेवण झाल्यावर, जेवण व्हायचं असताना नाही. काय सांगितलं? म्हणून दाखवा."

"जेवण झाल्यावर," रबरराव नरमाईने म्हणाले.

"आणि घरी सांगणार कोण आहे हे? बायको? त्यांनाही मी समजावते. उशी उंच हवी का? पाय गार पडलेत का?"

"नाही."

तिने तरीही हात लावून पाहिला. मग पडद्याच्या टोकाला जाऊन मोज्यांनाही लावून पाहिला. बाहेरच्या बाईंनी तिकडे लक्ष नसल्यासारखं दाखवलं. घुमीने दोन्ही पलंगांचे कठडे वर केले, रबररावांना अजून तीन गोष्टी बजावल्या आणि वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हाही ती पथ्याबद्दल सांगतच होती.

"पुरे," मोठ्या मॅडम म्हणाल्या. "पुरे गं. पास हो आता."

"थांबा. शेवटचा प्रश्न पेशंटला असतो," बाहेरच्या बाई म्हणाल्या आणि रबररावांकडे वळल्या. "सिस्टरबद्दल तुमची काही तक्रार?"

पडद्याआड बिस्किटाचा पुडा वाजला. रबररावांची छाती मिनिटाला सोळाच्या चालीने वरखाली होत होती.

"बोलते फार," ते म्हणाले.

बाहेरच्या बाईंनी ते शब्दशः लिहून घेतलं आणि समोर वीसपैकी अठरा मांडले. दोन कापले ते पेशंटला दटावल्याचे.